उलटा घुमट

आमचे हे सेंट्रिंगचे मिस्त्री. स्लॅब ओतायच्या आधी खाली फळ्यांची आणि टेकूंची जी बैठक उभी करतात ना, ती यांनी अडतीस वर्षं उभी केली. काँक्रीट ओतलं, घट्ट झालं, की ती बैठक काढून टाकायची. म्हणजे जन्मभर जेवढं बांधलं तेवढं सगळं स्वतःच्याच हाताने मोडलं, असं मी त्यांना चिडवायची. "अगं, मोडल्यावर जे राहतं ते माझंच," असं म्हणून ते चहाचा कप पुढे करायचे.

मला बघायला आले तेव्हा माझ्याकडे कमी आणि आमच्या छताकडे जास्त बघत होते. जाताना माझ्या वडिलांना म्हणाले, "स्वयंपाकघराच्या स्लॅबला मधे झोळ आलाय, लक्ष ठेवा." वडिलांना वाटलं, मुलगा विक्षिप्त आहे. मला वाटलं, याला निदान वर बघायची सवय आहे. तेव्हापासून आम्ही कुणाच्याही घरी गेलो तरी हे आधी छताला भेटतात, मग माणसांना.

त्यांच्या धंद्यात एक रीत होती. टेकू काढायच्या दिवशी, ज्याने सेंट्रिंग बांधली तो मिस्त्री स्लॅबखाली बरोबर मधोमध जाऊन उभा राहायचा. मग त्याचा जोडीदार शेवटच्या टेकूची पाचर हातोडीने उडवायचा. असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. यांचे उस्ताद उभे राहायचे म्हणून हेही उभे राहायचे. "मीच खाली नाही, तर तिथे राहायला येणाऱ्याने का यावं?" हे त्यांचं म्हणणं. मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. अशा दिवशी कानाला हेडफोन लावून बसायची आणि भलत्याचा फोन भलत्याला जोडून द्यायची. मग दुपारी कधीतरी यांचा फोन यायचा. "उभा आहे," एवढं म्हणून ठेवून द्यायचे. स्लॅब की स्वतः, ते मी कधी विचारलं नाही. मला दोन्ही चालत होतं.

आम्हाला एक मुलगी. लहानपणी ती आमच्या दोघांच्या मधे घुसून झोपायची आणि तसूभर हलायची नाही, म्हणून यांनी तिचं नाव पाचर ठेवलं. लाकडाची ती छोटी पाचर टेकूखाली ठोकली की आख्खा टेकू घट्ट बसतो, आणि आमचंही घर तिच्यामुळेच घट्ट बसलं होतं. बापाबरोबर बांधकामांवर हिंडून हिंडून ती इंजिनिअर झाली आणि हे ज्या कंपनीचं काम करायचे त्याच कंपनीत लागली. पहिल्या दिवशी ती पांढरं हेल्मेट घालून कामावर आली तेव्हा हे दिसेल त्याला सांगत सुटले, "ती मॅडम आहे ना, ती आमची." लोकांना माहीत होतं. तरी सांगायचे.

आणि मग ते वाचनालय आलं.

गावात नवं वाचनालय होणार होतं आणि त्याच्या वाचायच्या खोलीवर घुमट होता. नऊ मीटरचा. घुमटाचं सेंट्रिंग म्हणजे या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट. एकही फळी दुसरीसारखी नसते, प्रत्येक तासून बसवावी लागते. निवृत्तीआधीचं शेवटचं काम म्हणून हे दोन वर्षं त्या घुमटाची वाट बघत होते. वह्यांमागून वह्या चित्रांनी भरल्या होत्या. पण कंपनीने ठरवलं, साचा फॅक्टरीतून तयार आणायचा, फायबरचा, तुकडे जोडायचे. काम लवकर होतं, लाकूड वाया जात नाही. ठरावाच्या कागदावर खाली सही होती आमच्या पाचरीची.

त्या संध्याकाळी हे घरी आले, अवजारांची पिशवी खिळ्याला टांगली आणि जेवायला बसले. सूप अर्धं झाल्यावर म्हणाले, "आणि साचा काढताना खाली उभं कोण राहणार? ती फॅक्टरी?"

ती म्हणाली, "बाबा, आता तसं कुणी उभं राहत नाही. नियमातच बसत नाही ते."

"बरं," हे म्हणाले. त्यानंतर बापलेकीत सरळ बोलणं झालं नाही. तीन आठवड्यांनी हे निवृत्त झाले, आणि चार महिने घरात माझं एक्स्चेंज पुन्हा सुरू झालं.

"तुझ्या इंजिनिअर साहेबांना सांग, पाणी तापलंय."

"आई, बाबांना सांग, माझी अंघोळ कधीच झाली."

दोघं एका टेबलावर, हाताच्या अंतरावर. मीठदाणी मधोमध. तरी मिठाचा निरोप माझ्यामार्फत. हिने तरी समजून घ्यायचं, पण नाक कुणाचं घेतलंय? बापाचंच. एक्स्चेंजमध्ये निदान पगार होता आणि दोन तासांनी पाय मोकळे करायची सुट्टी होती. इथे चोवीस तास बिनपगारी. कधीकधी मी मुद्दाम चुकीचा निरोप द्यायची. यांनी "तिला सांग, उशीर करू नको," म्हटलं की मी सांगायची, "बाबा म्हणतायत, थकलेली दिसतेस." ती बापाकडे बघायची. हे सूपात बघायचे.

हे सगळं मी हसत सांगतेय, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. कारण पोरीला दूरच्या शहरात पुलाचं काम मिळालं होतं, दोन वर्षांचं. सोमवारी सकाळची बस. रविवारी तिचा वाढदिवस. ती असं तोंड मिटून गेली असती, तर दोन वर्षांत ते मिटलेलं तोंड घट्ट होऊन बसलं असतं. मग कुणाच्या हातोडीने ते निघालं असतं? मला फार काही नको होतं. तिने बसमध्ये पाय ठेवायच्या आत या दोघांनी एकमेकांशी एक वाक्य बोलावं, बस.

दर वाढदिवसाला हे तिला हाताने काहीतरी करून द्यायचे. बेसिनपर्यंत हात पोचावा म्हणून स्टूल, रंगाच्या पेट्यांसाठी खणांचा डबा, कॉलेजात नकाशे काढायला फळा. तो फळा अजून तिच्या खोलीत आहे. या वर्षी मी विचारलं तर म्हणाले, "साहेबांना बाजारात सगळं तयार मिळतं." पिशवी खिळ्यालाच होती.

पुढचं मी कबूल करून टाकते. दातांच्या डॉक्टरकडे बसले असताना तिथल्या मासिकात मला एका केकचं चित्र दिसलं. इटलीतला जुना प्रकार, नाव झुकोत्तो. गोल वाडग्याला आतून पाकात भिजवलेल्या केकच्या फोडी लावायच्या, आत क्रीम भरायचं, गार करायचं आणि उलटं करून वाडगा काढायचा. खाली उरतो तो घुमट. मी इकडेतिकडे बघितलं, जोरात खोकले आणि त्या खोकल्यात ते पान फाडलं. घाईत खालचा कोपरा मासिकातच राहिला. घरी येऊन पान टेबलावर उघडं ठेवलं आणि भांडी घासायला लागले.

पाठीमागे चष्म्याच्या डबीचा आवाज झाला. मग, "अगं, हे तर उलटं सेंट्रिंग आहे. आपण साचा खाली लावतो, यांनी वर लावलाय."

"असेल बाई. मला काय कळतंय त्यातलं?"

"वाडगे काढ सगळे."

मी तीन वाडगे काढले. यांनी पिशवीतून दोरी आणि पट्टी काढली. चार महिन्यांत पहिल्यांदा ती पिशवी खिळ्यावरून उतरली. प्रत्येक वाडग्याच्या मधोमध दोरी धरून चारी बाजूंनी मापं घेतली. पहिला चपटा निघाला. दुसरा एका बाजूला तीन मिलिमीटर दबलेला. "हा पडला होता," माझ्याकडे बघून म्हणाले, जशी काही मी साक्षीदार नसून आरोपी होते. तिसरा पास झाला.

"माल तू दे, काम मी करतो," असं ठरलं. केक मी भाजला. यांनी त्याच्या फोडींसाठी कागदाचा नमुना कापला, वर टोकदार, खाली रुंद, आणि कानामागची पेन्सिल काढून केकवर आखायला लागले. मी हात धरला. "केकवर पेन्सिल नाही!" पेन्सिल परत कानामागे गेली, पण मन खट्टू झालं ते दिसलं.

आता त्या फाटलेल्या कोपऱ्याची गोष्ट. केक भरून झाल्यावर काय करायचं, हे नेमकं त्या कोपऱ्यावर होतं. मी म्हटलं, कुणाला तरी विचारू. हे म्हणाले, "विचारायचं काय त्यात? साचा भरल्यावर काय करतात ते मला सांगतेस?" मी नाद सोडला. मंगळवारी केक भरला होता. बुधवारी दुपारी चारला मी बाजारातून लवकर घरी आले, तर फ्रीजचं दार सताड उघडं. वाडग्यावर ओलं गोणपाट. आणि आमचे हे तांब्यातून चुळकाभर पाणी घेऊन त्यावर शांतपणे शिंपडतायत.

"अहो, हे काय चाललंय?"

"पाणी मारतोय," म्हणाले. "दिवसातून तीनदा. नाहीतर तडे जातात."

शिवाय वाडग्याला आतून तेलही लावलं होतं, फळ्यांना लावतात तसं. साचा सुटून यावा म्हणून. ब्रश नवा होता, एवढंच नशीब.

गुरुवारी वाडगा उलटा केला. सुटून आला, त्यात वाद नाही. धाडकन सुटला आणि केक ताटभर पसरला. तेल, पाणी, क्रीम आणि त्यात तरंगणाऱ्या माझ्या केकच्या फोडी. मी हसणार होते, पण यांच्याकडे बघितलं. हे खुर्चीवर बसले होते. "अडतीस वर्षांत एकही पडला नाही," म्हणाले. त्यांना मी निवृत्तीच्या दिवशीसुद्धा इतकं थकलेलं बघितलं नव्हतं. माझाच राग आला मला. कशाला आणलं ते पान?

तेवढ्यात पोरगी कामावरून आली. दारातच थांबली. ताटाकडे बघितलं, बोट बुडवून चाटलं, गोणपाटाकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं. इंजिनिअर आहे, तिला फार सांगावं लागत नाही.

"आई," ती फार सांभाळून म्हणाली, "बाबांना विचार, पाणी किती वेळा मारलं?"

"तिला सांग, तीनदा. तिला नियम माहीत असायला हवा."

ती भिंतीला हात टेकून हसली. खाली बसून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हे ताठ बसून होते, पण त्यांची मिशी एका बाजूने हलली. मी बघितलं. मग तिने डोळे पुसले आणि बांधकामावर बोलते तशा आवाजात म्हणाली, "आई, त्यांना सांग, काँक्रीट पाणी पिऊन घट्ट होतं. क्रीम थंडीने होतं. त्याला पाण्याची गरज नाही, फक्त झाकून एक रात्र गार ठेवायचं. आणि तेल नको. वाडग्याला आतून पातळ प्लास्टिकचा कागद लावायचा, कडा बाहेर सोडायच्या. नंतर कडा धरून ओढलं की साचा अलगद सुटतो. आम्ही घुमटाला तेच केलं होतं."

घुमट हा शब्द त्या घरात चार महिन्यांनी निघाला.

"तिला सांग," हे म्हणाले, "मी विचारलं नव्हतं."

पण शुक्रवारी सकाळी फिरायला गेले ते प्लास्टिकच्या कागदाचं भेंडोळं काखेत मारून आले. मी भाजी चिरत राहिले. मला एवढी अक्कल आहे.

शनिवारी दुसरा केक. या वेळी मी स्टुलावर बसून सगळं बघितलं. यांनी कागद इतका नीट लावला की एक सुरकुती नाही. मग फोडी, टोकं मधोमध, एकीला एक चिकटून. फट राहिली की केकचा चुरा भरून बोटाने दाबायचे. ब्रशने संत्र्याचा पाक. त्यावर पांढऱ्या क्रीमचा थर, भाजलेल्या बदामाचे तुकडे आणि चॉकलेटचा कीस घातलेला, सगळीकडून सारखा जाड. आगपेटीतली काडी टोचून जाडी मोजली. नवी काडी होती, मी बघितली. मधल्या खड्ड्यात चॉकलेटचं काळं क्रीम. वरून केकचं झाकण. ते हात आता चहाच्या कपाला थरथरतात. त्या दिवशी थरथरले नाहीत.

पोरीचं सामान भरणं चाललं होतं. एका पेटीला किती वेळा स्वयंपाकघरात यावं लागतं? कात्री न्यायला आली, कात्री ठेवायला आली, दोरी न्यायला आली, पाणी प्यायला आली. दर वेळी वाडग्यावरून नजर. एकदा म्हणाली, "आई, डावीकडे थर पातळ वाटतोय." यांनी डावीकडे थोडं क्रीम वाढवलं.

मग फ्रीजच्या दारावर कागद चिकटवला. 'काम चालू. दार उघडू नये.' लोणी आत होतं, दूध आत होतं. रात्री तिघांनी कोरडे टोस्ट खाल्ले. कुणीही तक्रार केली नाही.

रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, हे वाडगा घेऊन आले. वर ताट झाकलं, दोन्ही हातांनी धरून एका दमात उलटं केलं आणि टेबलावर ठेवलं. आता फक्त वाडगा उचलायचा. प्लास्टिकच्या कडा चारी बाजूंनी बाहेर आलेल्या. पोरगी समोर उभी. यांनी वाडग्याला हात लावला आणि काढून घेतला.

"तिला सांग—"

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"एक्स्चेंज बंद. लाइन तुटली. ती समोर उभी आहे, तुम्हाला तोंड आहे, तिला कान आहेत. मी निवृत्त झाले." आणि मी खरंच खुर्ची ओढून बसले, हाताची घडी घालून. उद्या या वेळी ती बसमध्ये असणार होती.

हे वाडग्याकडे बघत होते. मग मान वर न करता म्हणाले, "मी एक विचारलं होतं. त्याचं उत्तर मला पटलं नाही."

"काय विचारलं होतं?" ती म्हणाली.

"त्या दिवशी. वाचनालयाचा साचा काढला तेव्हा. खाली कोण उभं होतं?"

तिने टेबलाची कड धरली.

"मी."

यांनी मान वर केली.

"नियमात बसत नाही, ते खरंच आहे," ती म्हणाली. "मलाही बजावलं होतं सगळ्यांनी. पण शेवटचा टेकू राहिला तेव्हा मी आत गेले आणि मधोमध उभी राहिले. तुम्ही नव्हता ना. मग दुसरं कोण उभं राहणार?"

मला वाटलं, आता हे रडतील. मी तर रडतच होते. पण आमचे हे ताठ झाले आणि असे काही ओरडायला लागले की शेजारची खिडकी उघडली. "अक्कल आहे का? वर तीस टन काँक्रीट! तयार साचा, जोड कुणी तपासले? आतला थर किती दिवसांचा होता? हेल्मेट तरी होतं का डोक्यावर? आणि कुणाला सांगितलंस? मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार? तुम्ही 'तिला सांग, तिला सांग' करत होता!" तिचाही आवाज चढला. "हे मला आईमार्फत सांगायचं नव्हतं!"

"मग ओरडून सांगायचंस!"

"आता ओरडतेच आहे ना!"

दहा मिनिटं चाललं. एकही शब्द माझ्यामार्फत नाही. मी पदरात पडलेलं ते भांडण डोळे मिटून ऐकत बसले. एक वाक्य मागितलं होतं, इथे शंभर झाली. शेवटी यांचा दम संपला. ते बसले, नाक पुसलं आणि अगदी हळू म्हणाले, "वर बघितलंस का? टेकू निघाला तेव्हा?"

"बघितलं."

"केवढा दिसतो ना."

"हो, बाबा."

मग यांनी ताट तिच्याकडे सरकवलं. "शेवटचा टेकू तू काढ, पाचर." आणि स्वतः खाली वाकून हनुवटी टेबलाला टेकवली, नाक ताटापाशी. त्या घुमटाखाली उभं राहायला याहून जवळ जाता येत नव्हतं.

तिने कडा धरल्या, वाडगा उचलला, कागद सोलला. घुमट उभा राहिला. डावीकडे एक बारीकशी चीर होती, तिथे दोघांनी मिळून बोटाने क्रीम भरलं आणि कोको चाळून झाकलं. ही चीर कुणामुळे यावर पुन्हा थोडं भांडण झालं. कापल्यावर आत पांढरा थर, मग काळा, दोन्ही सरळ. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "उभा आहे." मी म्हटलं, "मला थेट सांगितल्याबद्दल आभार." तिघांनी मिळून अर्धा केक बसल्या जागी संपवला आणि उरलेल्या अर्ध्यातला मोठा तुकडा प्रवासासाठी डब्यात गेला.

सोमवारी सकाळी बसच्या थांब्यावर हे पेटी उचलून आले, मला हात लावू दिला नाही. बस आली. तिने एक पाय पायरीवर ठेवला तेव्हा यांनी कोटाच्या खिशातून हातोडी काढली. छोटी, दांडा हाताने झिजून काळा झालेला. शेवटची पाचर उडवायची ती. तिच्या हातात दिली.

"पुलाचं सेंट्रिंग मोठं असतं," म्हणाले. "खाली उभी राहणार असशील—"

"बाबा, तिथे नियम फार कडक आहेत."

"असू देत. खाली उभी राहणार असशील, तर आदल्या दिवशी मला फोन कर. मलाच कर, हिच्यामार्फत नको. मी येतो. दोघं उभे राहू."